खुर्चीतल्या डॉक्टरबाई

स्टोव्हवरच्या डब्यात काचेच्या सिरिंजा उकळायला लागल्या की झाकण खुळखुळायचं. तो आवाज ऐकला की दवाखान्याबाहेरची सगळी माणसं गप्प! मला तो अजून ऐकू येतो, आणि त्याच्यामागून किस्से येतात. किनाऱ्यावरून आल्यावर पाय कितीही झटका, वाळू अंथरुणात सापडतेच. तसंच हे.

आमच्या डॉक्टरबाई म्हणजे बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराईत दवाखाना काढणाऱ्या पहिल्या डॉक्टर. त्याआधी कुणाला ताप चढला तर भरतीची वाट बघत होडीत बसून राहायचं. आता इथे रिसॉर्ट झाली आणि जेट्टीजवळच्या बागेत बाईंचं स्मारक झालं. त्या बागेला पाणी घालायचं काम माझं. बाईंचा जुना कंपाउंडर मोरेश्वर रोज येऊन कट्ट्यावर बसतो आणि मला सल्ले देतो.

*

तरुणपणी माझ्या तळहातात मासे पकडायचा गळ घुसला. दवाखान्यात गेलो. सुमन तिथे आया होती. झाकण खुळखुळलं आणि मी बोंबललो, "आई गं!"

बाई म्हणाल्या, "अरे, सुई अजून डब्यातच आहे!"

सुमन खुदकन हसली. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. मांडवात बाई सगळ्यांना सांगत होत्या, "नवरदेव चांगला आहे हो. फक्त सुईला घाबरतो!"

*

बाई गेल्या. काही वर्षांनी सुमनही गेली. मग स्मारकाचं ठरलं, पण बाईंना फोटोची भारी चीड. सापडून एकच फोटो सापडला, दवाखान्याच्या दारातला. त्या दिवशी सुमनचा पाय मुरगळला होता, म्हणून बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या.

समितीचे अध्यक्ष बाळाशेठ गावात नंतर आलेले. त्यांनी बाईंना कधी बघितलंच नव्हतं. मूर्तिकाराला फोनवर म्हणाले, "खुर्चीत बसल्यात ना, त्याच डॉक्टर. दुसरं कोण बसणार खुर्चीत?"

अनावरणाला बँड वाजला, पडदा सरकला. खुर्चीत सुमन! गळ्यात स्टेथोस्कोप!

बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोरेश्वर हळूच म्हणाला, "वहिनींना प्रमोशन मिळालं रे!"

बाळाशेठ घामाघूम. मग त्यांनी तोडगा काढला. बाईंची भाची परदेशात असते, ती येईल तेव्हा बघेल. "तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. भाचीताई एक शब्द जरी बोलल्या, तरी डोकं कापून दुसरं बसवू!"

ते सगळे डोक्याला हात लावून बसले होते आणि मी मूर्तीकडे बघत होतो. चार वर्षांनी दिसली होती.

*

दवाखान्यात नंबर लावायची आमची पद्धत होती. आपली चप्पल रांगेत ठेवायची आणि स्वतः चिंचेखाली सावलीत बसायचं. ती सवय जाईना. जुने पेशंट बागेत आले की चपला दाराशी रांगेत ठेवणार. ते बघून रिसॉर्टवाले पाहुणेही चपला काढायला लागले. मग कुणी हात जोडले, कुणी नारळ फोडला.

बाळाशेठनी बोर्ड लावला : 'हे मंदिर नाही. पादत्राणे काढू नयेत.'

दुसऱ्या दिवशी बघतो तर बोर्डालाच हळदकुंकू!

*

एकदा एक पोरगी समुद्रातून लंगडत आली. पायाला जेलीफिश लागलेला. लांबून स्टेथोस्कोप बघून ओरडली, "डॉक्टर, प्लीज!"

मोरेश्वर म्हणाला, "मॅडम आज बोलणार नाहीत. तू बस, कंपाउंडर बघेल." त्याने गरम पाणी मागवून पाय शेकला. तिला बरं वाटल्यावर ती मूर्तीला थँक्यू म्हणून गेली.

मोरेश्वर मला म्हणाला, "बघ. आयुष्यभर मी पाय शेकले आणि थँक्यू खुर्चीला!"

*

सकाळी आधी मी मूर्तीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसतो, मग झाडांना पाणी. मोरेश्वर टपलेलाच असतो. एकदा म्हणाला,

"काय रे, जिवंतपणी कधी वहिनींचं तोंड पुसलंस?"

"तेव्हा ती गप्प बसायची कुठे?" मी म्हणालो.

तो हसला, पण त्या दिवसापासून मी चेहरा पुसायला लागलो की तो कट्ट्यावर पाठ फिरवून बसतो.

*

आणि मग गेल्या हिवाळ्यात भाची आली. ही लहानपणी सुट्टीत आत्याकडे यायची. आत्या सदा पेशंटमध्ये, त्यामुळे पोर दिवसभर सुमनच्या मागे. तिची वेणीसुद्धा सुमनच घालायची. आता तिचेच केस पांढरे झालेत.

मी आदल्या दिवशी मूर्ती धुऊन ठेवली होती. फडकं पिळून वाळत घातलं आणि मनाशी म्हटलं, चला, उद्यापासून हे काम नाही.

बाळाशेठ हार घेऊन उभे. समिती उभी. मोरेश्वर माझा दंड धरून उभा. ताई मूर्तीसमोर आल्या आणि थांबल्या. खूप वेळ थांबल्या.

बाळाशेठना राहवेना. "हुबेहूब आहेत ना, ताई?"

ताईंनी सँडल काढल्या. पायरी चढल्या. केसांची क्लिप काढून केस मोकळे सोडले आणि मूर्तीच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये, तिच्याकडे पाठ करून, मांडी घालून खाली बसल्या. मान जराशी मागे टाकली. डोळे मिटले.

"पाणी आणा रे!" बाळाशेठ ओरडले. "ताईंना ऊन लागलं!"

कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावलं. ताईंनी ती घेतली नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या, केस बांधले, सँडल घातल्या. बाळाशेठ कान टवकारून उभे होते.

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता जेट्टीकडे चालत गेल्या.