रंगारीकाका जमिनीवरून उठतात

आमच्या समोरच्या घरात राहणारे रंगारीकाका एकोणऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे त्यांनी इमारतींना बाहेरून रंग दिला. आता एकटे राहतात आणि स्वतःचे सगळे स्वतः करतात. त्यांच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. रोज सकाळी पावणेसातला ते कालचे वर्तमानपत्र माझ्या दाराखालून आत सरकवतात. पेपर आला म्हणजे काका ठीक आहेत, असे मी समजायचो. ही पद्धत मीच घालून दिली. पाच वर्षांत तिच्यात खंड पडला नव्हता.

मध्यंतरी काका जिन्यात घसरले. हाड मोडले नाही, पण त्यांच्या मुलीने माझ्यादेखत बजावले, "बाबा, आणखी एकदा पडलात तर हे घर बंद. मुकाट्याने माझ्याकडे यायचं." काकांनी मान डोलावली.

परवा पेपर आला नाही. सात वाजून पाच मिनिटांपर्यंत मी वाट पाहिली, मग किल्ली लावली. काका जमिनीवर पालथे होते. शेजारी स्टूल आडवे. डोळे मिटलेले. मी आधी ताईंना, म्हणजे त्यांच्या मुलीला, फोन केला आणि मग काकांना हाक मारली. हा क्रम चुकला, हे मला मान्य आहे.

"कुणाला फोन लावलात?" डोळे न उघडता काकांनी विचारले.

"ताईंना."

"झालं! लावलीत माझी वाट."

ते पडलेच नव्हते. शिडीवर पाय ठेवू देण्याआधी त्यांच्या उस्तादाने त्यांना महिनाभर नुसते जमिनीवरून उठायला लावले होते. तो सराव काकांनी अजून सोडलेला नाही. रोज पेपर सरकवण्याआधी ते आडवे होतात आणि कुणाच्या मदतीशिवाय उठतात. परवापासून त्यांनी उजवा हात न वापरता उठायचे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

"पडताना कुठला हात शाबूत राहील, सांगता येतं का?"

"आणि स्टूल?"

"माणूस पडल्यावर स्टूल काय उभं राहतं? करायचं तर नीट करावं."

मी हात पुढे केला. तो त्यांनी झटकला. "आता तिच्यासमोरच उठतो. बसा तुम्ही."

मी खुर्चीवर बसलो. वीस मिनिटांत ताई आल्या, हातात रिकामी बॅग घेऊनच.

"बाबा! पडलात ना शेवटी?"

"पडलो नाही. झोपलोय."

"जमिनीवर?"

"माझ्याच घरातली आहे."

ताई माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुम्ही सांगा."

"मी आलो तेव्हा ते आडवेच होते. पडताना पाहिलं नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे. उठून दाखवा, बाबा. नाही जमलं तर बॅग भरते."

काकांनी उजवा हात पाठीमागे घेतला. कुशीवर वळले, डाव्या कोपरावर भार दिला, गुडघा पोटाशी ओढला आणि तिथेच थांबले. मानेची शीर टरारून फुगली. ताई धावल्या.

"हात लावशील तर पुन्हा पहिल्यापासून!"

ताई जागच्या जागी थांबल्या. काका एका डाव्या हातावर रांगत पलंगापर्यंत गेले, डावा पंजा कडेवर टेकला, एक पाय रोवला आणि उभे राहिले. माझ्या घड्याळाप्रमाणे साडेतीन मिनिटे. मग त्यांनी कालचे वर्तमानपत्र उचलून माझ्या हातात दिले.

ताईंनी बॅग घडी करून काखेत मारली. "राहा इथेच. पण साहेब, उद्या हे खरंच अडकले तर उचलणार तुम्हीच. तुम्ही तरी धडधाकट आहात ना? झोपा बघू."

मी अठ्ठावन्नाचा आहे. झोपणे सहज जमले. उठताना मात्र दोघांना मला धरावे लागले.

आता मी सकाळी साडेसहालाच समोर जातो. पेपर हातोहात मिळतो. उजव्या हाताशिवाय माझे अजून काही जमत नाही. काका म्हणतात, घाई नको, हे जमेपर्यंत शिडीवर पाय ठेवायचा नाही.