जुईच्या शांततेची वही

आमच्या ताईच्या फ्लॅटमध्ये भूत नाही, हे मी गेल्या मे महिन्यात चार दिवस सलग, मोठ्या आवाजात, एकटीच म्हणत होते.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. इतरांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी मिळाल्या, आम्हाला 'पाणी कोणाचं? दहा प्रश्न' मिळालं. सातव्या वर्षी मी मंडईसमोर उभी राहून 'भूत नसतं, भीती असते' हे पत्रक वाटलं आहे (जे घेत नव्हते त्यांच्या भाजीच्या पिशवीत कोंबलंही आहे). ताईही त्याच घरात वाढली, पण ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. म्हणून ती आज हिंजवडीला नोकरी करते आणि मी लेखिका आहे.

ताईची मुलगी जुई नऊ वर्षांची. तिला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ बसत नाही. ब्रश करायला निघालेली जुई अर्ध्या तासाने गॅलरीत मुंग्यांची हजेरी घेताना सापडते, आणि ब्रश कानामागे! तिसरीचं सगळं वर्ष बाईंनी तिला दाराजवळच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. चौथीत तिला मैत्रिणीशेजारी बसायचं होतं. एवढंच तिचं मागणं. त्यासाठी डॉक्टरबाईंनी नुकतीच गोळी सुरू केली होती, आणि शाळा उघडायच्या आत डोस पक्का करायचा होता. सुट्टीत जुईला सांभाळायला मी आठवडाभर राहायला आले, तेव्हा ताईने माझ्या हातात एक वही ठेवली.

"रोज नाश्ता झाला की एक गोळी. मग दिवसभर ती काय करते ते यात लिहायचं. शनिवारी डॉक्टरांना दाखवायचंय. दिसेल तेवढंच लिही."

"म्हणजे?"

"म्हणजे अग्रलेख नको."

सोमवारी ताई आणि भावोजी सातच्या कंपनीच्या बसने गेले. नाश्ता झाला. मी जुईच्या तळहातावर गोळी ठेवली आणि तिथेच थांबले असते तर हा लेख झाला नसता.

"जुई, ही गोळी तू का घेतेस?"

"आई देते म्हणून."

माझ्यातली दोन पिढ्यांची पत्रकं एकदम फडफडली! "आई देते म्हणून? अगं, जगातल्या प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तुझी खरंच गरज आहे का? आणि मग विचार करून स्वतः ठरवायचं!"

"प्रत्येक गोष्टीला?"

"प्रत्येक!"

ती गोळीकडे बघत राहिली. तेवढ्यात दूध उतू गेलं. मी परत आले तेव्हा तिचा हात रिकामा होता आणि पाण्याचा पेलाही.

आणि मग ती शांतता सुरू झाली.

जुई म्हणजे दिवसभर चालू असलेला रेडिओ. त्या दिवशी आवाज नाही. दुपारी दोनला सोसायटी गपगार, पडदे स्थिर, उन्हात कावळासुद्धा तोंड मिटून बसलेला. मी तिच्या खोलीत डोकावले. ती जमिनीवर मांडी घालून, माझ्याकडे पाठ करून, कपाटाला नाक लावून बसली होती. हलत नव्हती. फक्त कुजबुजत होती. कपाटाशी!

"तुझी गरज आहे का? ...नाही ना? मग ये."

मी पाय न वाजवता मागे सरले आणि वहीत लिहिलं: 'सोमवार. मूल शांत. भयावह शांत. अदृश्य व्यक्तींना बोलावते. गोळीने एका बालमनाचा ताबा घेतला आहे! भूक मात्र उत्तम, चार पोळ्या (हा बहुधा निषेध असावा).'

मंगळवारी दुपारी मी सोफ्यावर वाचत होते. वारा नाही. बेडरूमचं दार, जे मी स्वतः लावलं होतं, ते कुणीतरी आतून दम खात ढकलावं तसं हळूहळू उघडलं. आत कुणी नाही.

"उन्हाने लाकूड आकसतं," मी दाराला सांगितलं. दार आणखी थोडं उघडलं.

बुधवारी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार माझ्यासमोर नम्रपणे वाकलं आणि एका बाजूने लोंबकळत राहिलं. भिंतीवरच्या आरशात मी तिरकी दिसू लागले. जेवायला बसले तर खुर्ची खोल उसासा टाकून डावीकडे कलली. (वजनाचा संबंध नाही! मी तपासलं.) आणि प्रत्येक वेळी मान वळवावी तर जुई दारात उभी. गप्प. डोळे लकाकणारे.

"काय गं?"

"काही नाही. बघतेय."

"काय बघतेयस?"

"पडतं का."

रात्री ताईने विचारलं, "हे कपाट कसं काय लोंबतंय?" मी म्हणाले, "बिल्डर लोकांचा भ्रष्टाचार!" तिला पटलं. पुण्यात हे उत्तर कुणालाही पटतं.

गुरुवारी मात्र कळस झाला. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, आणि बाहेर यायला कडी काढून मूठ फिरवली तर मूठ माझ्या हातात आली. बाहेरच्या बाजूची मूठ बाहेर खणकन पडली. मी आत. हातात नुसती मूठ, कुणी हस्तांदोलन करून स्वतःचा हात मागे सोडून जावं तशी!

"जुई?"

मग दाराच्या पलीकडून, अगदी खालून, कर्र... कर्र... कर्र...

"भूत नसतं, भीती असते!" मी ओरडले. "पहिला मुद्दा! प्रत्येक घटनेला कारण असतं! दुसरा मुद्दा..." दुसरा मुद्दा आठवेना. बालपणी हजारो प्रती वाटल्या, एक पाठ केली असती तर!

कर्र थांबलं. दाराच्या फटीतून अगदी जवळून आवाज आला, "मावशी, तू आत आहेस?"

मी किंचाळले. ते ऐकून समोरच्या फ्लॅटमधले शेखकाका आले. काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. जुईने त्यांना दार उघडलं. दोन मिनिटांत त्यांनी मला सोडवलं आणि मग हात मागे बांधून घरभर फेरी मारली. दार बघितलं, कपाट बघितलं, खुर्ची उलटी केली.

"काका, इथे काहीतरी आहे," मी घाम पुसत म्हणाले. "माझा विश्वास नाही, पण आहे."

"आहे ना. शिकलेलं दिसतंय. इतके स्क्रू काढले, एकाचीही खाच खराब केली नाही. आमच्या कारखान्यातल्या पोरांना हे तीन वर्षांत जमत नव्हतं." मग ते वळले. "काय जुईबाई, नोकरी करणार का?"

जुई लाजली आणि पलंगाखालून बिस्किटांचा डबा ओढून आणला. आत एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर तिच्या वाकड्या अक्षरात नाव: 'दार', 'कपाट', 'खुर्ची', 'आरसा', 'बाथरूम'.

"तूच म्हणालीस ना मावशी, प्रत्येक गोष्टीला विचारायचं. मी एकेका स्क्रूला विचारलं. चारपैकी एक काढला तर काही होत नाही. दोन काढले की कुरकुर होते. तीन काढले की तू पत्रक म्हणायला लागतेस."

डब्याच्या तळाशी शेवटची पुडी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'विचार चालू आहे'. आत चार गोळ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

चार दिवस मी 'गोळीचे परिणाम' या विषयावर सोळा पानं भरली होती, आणि गोळी पलंगाखाली होती! या वहीवरून पोरीचा डोस ठरणार होता. जूनमध्ये ती कुठल्या बाकावर बसणार ते ठरणार होतं.

ताईला फोन केला. तिने आधी चारही दिवसांच्या तारखा लिहून घेतल्या. (हे घरातल्या सगळ्या प्रकारांत सर्वांत भीतिदायक होतं.) मग म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारते. त्या सांगतील तसं करू. वही फाडू नकोस. आहे तशी आण."

शनिवारी डॉक्टरबाईंनी वही शांतपणे वाचली. "'बालमनाचा ताबा घेतला आहे.' हे सोमवारचं. सोमवारी गोळी कुठे होती?"

"डब्यात," जुई म्हणाली.

"तरी दिवसभर शांत होतीस?"

"स्क्रू होते ना. आवडीचं असलं की मी बसते. शाळेत स्क्रू नसतात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. आणि गोळी घेतली की कसं वाटतं?"

मी तिला सुरुवात करून देणार होते. ताईने माझ्या पायावर पाय दिला.

"डोक्यात सगळेजण एकदम बोलत असतात," जुई म्हणाली. "गोळी घेतली की रांग लावतात. पण दुपारी भूक लागत नाही, ते नाही आवडत."

"मग चार दिवस का नाही घेतलीस?"

"मावशी म्हणाली, विचार करून ठरव. मी करत होते. पण गोळीशिवाय विचार पूर्णच होत नव्हता!"

गोळी सुरू झाल्याचं कळल्यापासून मी तिच्याविरुद्ध मनात एक पत्रक रचत होते. जुईला काय वाटतं हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. मुलांच्या हक्कांवर मी भाषणं देते. चांगली देते.

डॉक्टरबाईंनी जुईला सांगितलं की सकाळी भरपेट खाऊन मग गोळी घ्यायची, दुपारी भूक नसली तर संध्याकाळी जास्त खायचं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायचं. या खेपेला वही जुईनेच लिहायची, आईने फक्त तारीख घालायची. जुईने लगेच विचारलं, चित्रं काढली तर चालतील का. चालतील, म्हणाल्या.

मी भीतभीत विचारलं, "आणि मी? मी काय मदत करू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीच्या सोळा पानांकडे पाहिलं, आणि चिठ्ठीवर एक ओळ वाढवून ती ताईच्या हातात दिली. आम्ही रिक्षात बसल्यावर ताईने ती वाचून दाखवली.

"गोळी: रोज एक, नाश्त्यानंतर. मावशी: आठवड्यातून एकदाच, तीही आईच्या देखरेखीखाली."