गारगोटीची भिंत

बीबी गावाकडून लोणारला जाताना त्या काळी एका गावाबाहेर जुनी धर्मशाळा लागायची. तिची समोरची भिंत गारगोटीची होती. आपल्याकडे गारगोटी म्हणजे नांगराला आडवी येणारी नसती कटकट. शेतकरी ती वेचतो, बांधावर फेकतो आणि विसरून जातो. पूर्वी कधीतरी कुणाला सुचलं असावं की ती फोडून चुन्यात बसवावी, फुटलेली चकचकीत बाजू बाहेर आणि गोल पाठ आत. तशी ती भिंत होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मुळीच आवडली नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून मी नवा आणि राज्यही नवंच. गावोगावी शाळा, दवाखाने, कचेऱ्या बांधायचा सपाटा चालला होता. या धर्मशाळेची शाळा करायचं ठरलं. भिंतीचा पडलेला अर्धा भाग जुन्या पद्धतीनं उभा करायचा आणि तिला लागून दोन नवे वर्ग काढायचे, त्यांचीही दर्शनी बाजू गारगोटीचीच. ही हौस आमच्या मोठ्या साहेबांची. जुनं आणि नवं वेगळं ओळखू येता कामा नये, असं त्यांनी नकाशाच्या कडेला लिहून पाठवलं होतं. ते कसं करायचं हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

गारगोटी बसवणारा माणूस शोधायला मला आठवडा लागला. बीबीच्या बाजूला एक जण सापडला. पन्नाशीचा, वाळका, डाव्या भुवईवर जुनी खोक. फुटताना गारगोटीची कपची सुरीसारखी उडते, तिनं केलेली ती खूण. याच भिंतीच्या आधीच्या दुरुस्तीत त्याच्या बापानं गारगोटी फोडली होती. ती त्यांच्या जातीनं रस्त्याच्या पलीकडे बसून फोडायची. भिंतीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती, धर्मशाळेच्या सावलीत टेकायचीही नव्हती. बापाशेजारी बसून यानं पलीकडचं काम पाहिलं आणि पाहून पाहून शिकला. आता त्यांचं घर बौद्ध झालं होतं. वस्तीतल्या विहिरीचा कठडा आणि दोन-चार घरांची जोती त्यानं गारगोटीत बांधली होती. सरकारी कामावर मात्र तो कायम मजूरच.

हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे ‘मिस्त्री’ असं लिहिलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, रकाना भरायचा होता. त्यानं मात्र पट बघायला मागितला. प्रौढांच्या वर्गात तो नुकताच वाचायला शिकला होता. बोट ठेवून त्यानं तो शब्द वाचला.

“पह्यल्यांदा लिवलं कोनी,” तो म्हणाला. “आता खोडू नका म्हंजे झालं.”

“खोडतो कशाला?” मी म्हणालो.

काम सुरू झालं आणि माझी चिडचिडही सुरू झाली. कोपरे काळ्या दगडाचे, कारण गारगोटीला काटकोन जमत नाही, इथवर मला पटलं. दोन गारगोट्यांमधल्या ओल्या चुन्यात तो बारीक कपच्या एकेक करून दाबायचा, म्हणजे चुना उघडा राहत नाही, तेही पटलं. पण एका जागी भिंत हातभर वर आली की तो थापी धुऊन ठेवायचा. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, त्याच्याच हातानं मोजून. मग तो दुसऱ्या टोकाला जायचा, तिथंही हातभर झालं की कपच्या निवडत बसायचा. बैलाच्या घाणीत मळलेला चुना तयार, माणसं तयार, ऊन चांगलं, आणि मिस्त्री कपच्या निवडतोय. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एकदा मी विचारलंच. त्यानं काळ्या दगडाचा एक तुकडा उचलला, धोतराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“जीभ लावा.”

मी इकडे तिकडे पाहिलं आणि लावली. जीभ जराशी ओढल्यासारखी झाली. मग त्यानं गारगोटी दिली. ती काचेसारखी, जिभेला काहीच कळेना.

“काया दगड थोडं तरी पानी पेते साहेब. चुन्यातलं पानी वढून घेते, चुना लवकर आवळते. गारगोटी थेंब पेत नाही. चुना वलाच राह्यते. त्याच्यावर वझं टाकलं का भिंत बसते खाली. दिवसाले एकच हात.”

बाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण ओव्हरसियरनं सगळ्यांदेखत दगड चाटला होता. मला समजलं होतं, पण हसू झाल्याचं जास्त लागलं. कॉलेजात आम्हाला चुना शिकवला होता, वीट शिकवली होती, गारगोटी शिकवली नव्हती. जे मला शिकवलं नाही ते फारसं महत्त्वाचं नसणार, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दिवाळीनंतर निरोप आला. मोठे साहेब आणि पाहुणे उद्‌घाटनाला ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी येणार. मी हिशेब केला. हाताहातानं भिंत पुरी होणार नव्हती. सकाळी मी त्याला सांगितलं, आज मधल्या भागात तीन हात चढवा.

“नाही जमत.”

“जमवा.”

“काऊन जमवू? पडन ते.”

“मी सांगतोय ना. जबाबदारी माझी.”

हे वाक्य मी बोललो. आजूबाजूला चार माणसांनी ते ऐकलं. त्यानं थापी उचलली. “हाव, तुमचा हुकूम हाये,” म्हणाला आणि कामाला लागला. दिवसभरात त्यानं तीन हात भिंत चढवली. अशी सफाई मी त्याच्या कामात आधी पाहिली नव्हती. मी खूश होतो.

सकाळी येऊन पाहिलं तर भिंतीला पोट आलं होतं. आम्ही टेकू शोधेपर्यंत मधला भाग सावकाश खाली घसरला. खाली कुणी सापडलं नाही, एक माठ तेवढा फुटला. ओल्या चुन्यात लडबडलेल्या गारगोट्या रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत होता. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

दुपारी उपअभियंता जीपनं आले. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “हे कसं झालं?”

मी म्हणालो, “मिस्त्रीनं घाई केली.”

मला कुणी शिकवलं नव्हतं, आधी ठरवलंही नव्हतं. नोकरी कायम व्हायला चार महिने होते आणि तोंडातून ते निघालं. ज्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं ते चौघंही खाली वाकून गारगोट्या गोळा करू लागले, त्यांचीही पोटं त्याच कामावर होती. उपअभियंत्यांनी त्याला मिस्त्रीच्या जागेवरून काढायला सांगितलं आणि मेहकरहून दुसरा मिस्त्री पाठवतो म्हणाले. जीप गेल्यावर मी पट उघडला. तो पुढ्यात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा चार शिव्या देईल. मी त्याची तयारीही ठेवली होती.

“मजूर लिवा,” तो म्हणाला. “पन भिंत मले करू द्या. माह्या बापाले इथं हात लावू देला नाही. मी हे अर्धी सोडून नाही जात.”

मी ‘मिस्त्री’वर रेघ मारली आणि वर ‘मजूर’ लिहिलं. शाई वाळेपर्यंत तो तिथंच थांबला होता.

मेहकरचा मिस्त्री सिमेंटच्या कामात तरबेज होता. त्यानं पहिल्याच दिवशी गारगोटीपुढे हात टेकले. माणूस वाईट नव्हता. “हे माह्या बापाच्यानं व्हनार नाही,” असं त्यानं मला सरळ सांगितलं आणि खिडक्यांच्या चौकटी, फरशी असलं काम अंगावर घेतलं. भिंत आमच्या बीबीच्या माणसानंच केली. पडलेली प्रत्येक गारगोटी धुऊन घेतली, पुन्हा पहिल्यापासून, दिवसाला एक हात. मी त्याला एका शब्दानंही टोकलं नाही. उद्‌घाटन शेवटी निरोपातल्या तारखेपेक्षा दहा दिवस पुढे गेलं, पाहुण्यांनाच सवड नव्हती. म्हणजे माझी सगळी घाई फुकट होती. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते मी भिंतीवर घालायची गोणपाटं भिजवायच्या हौदावर तोंड धुऊन लपवलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी ऊन तिरपं होतं आणि भिंत लखलखत होती. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते मोठ्या साहेबांना सापडेना. ते हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “मिस्त्री कोण?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. तो मागे मजुरांत उभा होता, खांद्यावर ओलं गोणपाट. मी पटावर मिस्त्री म्हणून होतं ते नाव सांगितलं. मेहकरचा मिस्त्री बावरून पुढे आला, त्याच्या गळ्यात हार पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी टाळ्या वाजवत होतो. संग्रामपूरकडे असलीच एक शाळा बांधायची आहे, साहेब म्हणाले, याच माणसाला तिकडे पाठवा आणि कामाची पद्धत लिहून कळवा.

पाहुणे गेल्यावर मी शाळेच्या ओट्यावर ते पत्र लिहायला बसलो. तो आला. आता तरी बोलेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं बोलावं असं मला वाटत होतं.

“साहेब, कोनीबी जावो तिकडं,” तो म्हणाला. “पन त्यात लिवून द्या, दिवसाले एकच हात. जीभ लावून पाहा म्हनाव. भिंतीखाली लेकरं बसतीन.”

आणि त्यानं मला सगळं सांगितलं. चुना किती दिवस मुरवायचा, कोपऱ्याचे दगड आत किती जायला हवेत, कपच्या कधी दाबायच्या, गोणपाटं किती दिवस ओली ठेवायची. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. तासभर लागला. शेवटी त्यानं वाचून दाखवायला सांगितलं, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि तो बीबीच्या रस्त्याला लागला.

त्या पत्राच्या मोठ्या साहेबांनी प्रती काढल्या. संग्रामपूरकडची शाळा त्यावरून उभी राहिली, पुढे आणखी दोन इमारतींच्या दर्शनी भिंती झाल्या, आणि एकही पडली नाही. खात्यात कुठं गारगोटीचं काम निघालं की मला बोलावणं यायचं. मी जायचो, लोकांना दगड चाटायला लावायचो, ते हसायचे. त्या पत्राखाली सही माझी एकट्याची आहे.