बदलापूर ते उल्हासनगर: एका पियानो कॅसेटचा प्रवास

विमानाचं तिकीट न काढताही आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेला जाता येतं. आम्ही गेलोय, बदलापुरातून रिक्षाने! साल एकोणीसशे नव्वद. माझ्या धाकट्या बहिणीने, सुजाताने, युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेचा फॉर्म मागवला होता. पहिली फेरी कॅसेटवर. वीस मिनिटं सलग वाजवायचं, मध्ये कापाकापी नाही, आणि दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर कॅसेट बाद. वयाची अट बघता तिची ही शेवटची संधी होती.

आमच्या घरी पियानो कुठला? दीड खोलीत आम्हीच मावत नव्हतो. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत ऑपरेटर. त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसर क्लबात जुना ग्रँड पियानो होता, सुजा लहानपणापासून त्यावरच घडली. बाबांनी साहेबांना गाठून शुक्रवार मागून घेतला, कारण शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. बाकीच्या दिवशी तिथे स्वतःची शिंकही ऐकू येत नाही.

सकाळी सातला बदलापुरातल्या आमच्या मांजर्लीहून निघालो. रिक्षा दिवसभरासाठी ठरवलेली. आधी थेट उल्हासनगर, कारण चांगला टेपरेकॉर्डर भाड्याने तिथेच मिळायचा. रस्त्याबद्दल काय सांगू? खड्ड्यांच्या मधेमधे थोडा रस्ता लागायचा. कॅम्प तीनमधल्या दुकानात सिंधी काकांनी रेकॉर्डर पुसत विचारलं, "शादी किसकी है?"

"शादी नाही हो काका, पियानोची स्पर्धा आहे. इंटरनॅशनल."

"अरे साईं! फिर सेल नये डालो. शुक्रवार है, लाईट का भरोसा नहीं."

सेल घेतले, साठ मिनिटांची कॅसेट घेतली आणि शेजारच्या गाडीवर उभ्याउभ्या दाल-पकवान हाणलं. उल्हासनगरला जाऊन ते न खाता परतणारा माणूस करंटाच. सुजाने मात्र घास घेतला नाही, हात काखेत दाबून रिक्षातच बसून राहिली.

अंबरनाथला क्लबाची चावी बाबांच्या सहीवर मिळाली. बाबा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. सुजाचं वाजवणं त्यांना कधी कळलं नव्हतं. तरी त्यांना बाहेर बसा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"खोकायचं नाही बाबा, बोलायचं नाही," मी दम दिला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का गं?"

ए बाजू सुरू केली. सुजा अशी वाजवत होती की मी घड्याळ बघायचं विसरले. शेवटाकडे सगळे सूर धावत आले, एका ठिकाणी येऊन टेकले, आणि बाबांनी मांडीवर थाप मारली, "क्या बात है!"

सुजा थांबली नाही, शेवटपर्यंत वाजवलं. टेप बंद केल्याबरोबर मी बाबांवर ओरडले. बिचारे घामाघूम झाले. "सवय गं, तोंडातून गेलं," एवढंच म्हणाले. आमच्यात चांगल्या वाजवण्यावर गप्प बसणं म्हणजे कलाकाराचा अपमान. जन्माची सवय माझ्या एका दमाने जाते थोडीच?

बाबा आपणहून गेटपाशी जाऊन बसले आणि आम्ही बी बाजू भरली. एक सूर चुकला नाही, पण वाजवण्यात जीवही नव्हता.

घरी आल्यावर सुजाने फॉर्मवर लिहिलं, 'ए बाजू ऐकावी.'

"डोकं फिरलंय का तुझं? बाद होशील!"

"ताई, असं मी पुन्हा नाही वाजवू शकणार. आणि बाबांना सांगायचं, बी पाठवली."

तीन महिन्यांनी पत्र आलं. नियमाप्रमाणे बाद. बाबांनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे तर नाही ना गं?"

"छे हो! तिकडे एकेक भारी लोक असतात," म्हणत सुजा चहा टाकायला उठली. मीही घाईघाईने कपबशा काढायला लागले.

सुजा आता जवळच्याच चिखलोलीत मुलांना पियानो शिकवते. बाबा गेल्यावर एकदा मी तिला विचारलंच, एवढी संधी घालवलीस, वाईट नाही वाटत? मला वाटलं, रडेल. रडले मीच.

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण मार्क त्यांनी दिले असते गं ताई. बाबांची दाद कुठून आणली असती?"