तांदळातला बाळकृष्ण

मला मेलीला प्रश्न फार पडतात, आणि पडले की ते पोटात राहत नाहीत. सुट्टीत इजिप्तला गेलो होतो, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या समुद्रकाठी मी ह्यांना विचारलं, "देवांना आंघोळ घालणारं कुणी उरलंच नाही, तर ते देव जातात कुठे?" हे भाजलेलं कणीस खात होते. "जरा समुद्र बघ की," म्हणाले. पण प्रश्न समुद्रामुळेच पडला होता. या गावाच्या जुन्या देवळांमधल्या कितीतरी मूर्ती तिथेच पाण्याखाली आहेत, असं लेकीने फोनवर वाचून दाखवलं होतं. मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. कधीतरी कुणीतरी बाई त्यांनाही फुलं वाहत असेल, काहीतरी मागत असेल. आणि आता त्यांच्या अंगावरून मासे फिरतात. माझ्या मनात शंका शिरली ती तिथेच. मी रोज ज्याला न्हाऊ घालते तो तरी देव आहे, की मला लागलेली नुसती सवय?

आमच्याकडे रांगता बाळकृष्ण आहे, पितळेचा, अंगठ्याएवढा. माझा पहिला मुलगा जन्मला आणि काही तासांतच गेला. त्या वेळी आई भारतातून आमच्याकडे अबू धाबीला आली, आणि मी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिने माझ्या ओंजळीत हा बाळकृष्ण ठेवला. "याला रोज न्हाऊ घाल," एवढंच म्हणाली. पुढे लेक झाली, आम्ही अबू धाबीतच मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो, ह्यांच्या कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्याचा जम बसला. त्या बाळाचा विषय घरात कुणी काढला नाही. मीही नाही. "माझा मुलगा" हे शब्द माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेच नाहीत. मी फक्त बाळकृष्णाला कोमट पाण्याने न्हाऊ घालत राहिले, आणि थंडी पडली की लोकरीचं टोपरं घालत राहिले.

गावाला जाताना देव तांदळात ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. तांदळात असले की पूजेचा खाडा होत नाही. बाकीचे देव मी तसेच तांदळात घालून देवघरात ठेवले, पण याला मागे ठेवायला जीव होईना. परक्या घरात सोवळं-ओवळं कसं जमणार, तेही कळेना. मग मीच मधली वाट काढली. आईचं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात तांदूळ भरले, त्यात याला निजवलं आणि डबा सोबत घेतला. अलेक्झांड्रियातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातलं वरचं कपाट त्यातल्या त्यात स्वच्छ वाटलं, तिथे ठेवला. बरोबर डाळ, चहा, गोडा मसाला होताच. आता कळतं, देवाला वाणसामानाच्या रांगेत बसवणारी माझ्यासारखी मीच!

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं समुद्रावर एक फेरी मारून आलो. येऊन बघते तर कपाट रिकामं. लेक म्हणाली, "आई, आय गेव्ह इट ऑल टू द वॉचमन. यू ऑलवेज डू दॅट!" खरंच होतं. सुट्टीला निघताना उरलंसुरलं आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला द्यायचं, हे ती माझ्याकडूनच शिकली होती. डब्यात काय आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं, तिला दोष कसा द्यायचा? तरी मी ओरडलेच. ती पोर रडायला लागली.

खाली धावलो. वॉचमन बिचारा हात जोडायला लागला. त्याची बायको ते सामान घेऊन ट्रामने तिच्या आईकडे गेली होती, आणि फोन इथेच चार्जिंगला लावलेला. आईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तोवर विमानतळाची टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. "यल्ला, यल्ला," चला, चला, म्हणत ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हे हळूच म्हणाले, "अगं, पुण्यात अगदी तस्साच मिळेल." मी तोंड फिरवलं. बोलले असते तर तिथेच भांडण झालं असतं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. नवस बोलावा असं मनात आलं, पण कुणाला बोलणार? ज्याला बोलायचा तोच हरवलेला. रडू आवरेना. रडता रडता मनात म्हटलं, बाबा रे, तुला इथेच राहायचं असेल तर राहा. पण ज्या घरात असशील तिथे तुला कुणीतरी न्हाऊ घालो. पाण्याखाली नको जाऊस. असं म्हणून झाल्यावर, का कोण जाणे, छातीवरचा दगड थोडा हलला. मी उठले, डोळे पुसले, ह्यांना म्हटलं, "चला."

बॅग डिकीत ठेवत होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई जवळजवळ पळतच आली. कडेवर तान्हं मूल, हातात माझा डबा. वॉचमनची बायको! आईकडे पोचल्या पोचल्या तांदूळ निवडायला तिने ताटात ओतले, आणि बाळ बाहेर आलं. ती तशीच उलट पावली ट्राममध्ये बसली होती. तिने मूठ उघडली. तिच्या मुलाच्या लोकरी मोज्यात बाळकृष्ण गळ्यापर्यंत गुंडाळलेला होता. तिच्या कडेवरच्या पोराचा एक पाय उघडा होता.

तिने मोज्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे. "इब्निक?" तुझा मुलगा? किराणा दुकानात लागतं तेवढं कामापुरतं अरबी मला येतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून उभे होते.

"इब्नी," मी म्हटलं. माझा मुलगा.

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. मीही रडले. ह्यांनी चष्मा काढला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचं थांबवलं.

डबा तिने तांदळासकट परत आणला होता. देव ठेवलेले तांदूळ आम्ही बाहेर देत नाही, घरातच शिजवून प्रसाद म्हणून खातो. मी डबा तिच्या हातात परत दिला आणि खुणेने सांगितलं, तू शिजव, मुलाला भरव. मोजा परत करू लागले तर तिने माझी मूठ मिटून टाकली.

विमानात लेकीने विचारलं, "आई, हू वॉज ही?" मग मी तिला तिच्या भावाबद्दल सगळं सांगितलं. ह्यांनी मध्येच एक गोष्ट सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. त्यांनी त्याला हातांत घेतलं होतं, आणि त्याने त्यांचं बोट धरलं होतं.

जे घडलं त्याला मी चमत्कार म्हणत नाही, म्हणणाऱ्याशी वादही घालत नाही. मी याला इतकी वर्षं सांभाळते आहे असं मला वाटायचं. तांदळात ठेवा, कपाटात ठेवा, कुठे नेऊ, कुठे नको, सगळी काळजी माझीच. पायरीवर बसून मी त्याचा हात सोडला, आणि तोवर तो ट्राममध्ये, परक्या आईच्या मुठीत, माझ्याकडे यायला निघालेला होता. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू? रोज न्हाऊ घालताना तिच्या बाळासाठी एक तांब्या जास्त ओतते. आणि मोहम्मद बिन झायद सिटीत जानेवारीची सकाळ जरा गार असली, की टोपरं बाजूला ठेवून त्याला तो मोजा घालते. तो त्याला मोठा होतो. पण लेक म्हणते, "लेट हिम ग्रो इनटू इट, आई."