अक्कांचा तक्ता

पंधरा-पंधरा देशांचे व्यापार करार शेजारीशेजारी मांडून, कोणता सरस हे चवीचवीनं ठरवणारी बाई अख्ख्या बेंगळुरात एकच आहे, आणि ती बनशंकरीत बरोब्बर आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. घराणं मराठी, पण इथं रुजून कित्येक पिढ्या झालेल्या. परदेशात माल पाठवणाऱ्या एका कचेरीत तीस वर्षं कागदपत्रं टाइप करता करता अक्कांना हा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो बळावला. लोक लोणच्यांची तुलना करतात, अक्का जकात-सवलतींची. दक्षिण आशियाच्या करारावर त्यांचा भारी राग. "या, घर तुमचंच म्हणायचं, आणि काय काय आणू नका त्याची यादी दारावर लावायची. हे स्वल्प जास्तच झालं की रे!" त्या पंधरा देशांच्या मोठ्या करारातून भारत ऐनवेळी बाहेर पडला, त्यावर मात्र त्यांचं मत सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं. दोन्ही दिवशी तुम्ही जिन्यात सापडलात की संपलंच. भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी भटजींना विचारलं, "चांगल्या करारात बाहेर पडायचं कलम असतं, सहा महिन्यांची नोटीस द्यायची. तुमच्या यात कुठाय?" मुलीच्या मावशीला पाणी पाजावं लागलं.

तर या अक्कांनी तीन महिने खपून चादरीएवढा तक्ता केला. सहा करार, सहा रंगांच्या शाईत. आमच्या मराठी मंडळात त्यावर बोलायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं, एकदा आपलं बोलावं, एवढीच हौस. मी मंडळाचा कार्यवाह, तारीख मीच दिलेली. पण समितीत कुणीतरी म्हणालं, "अरे, रविवारी लोकांना जकात ऐकवणार?" हशा पिकला, आणि सांगायला लाज वाटते, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. अंताक्षरी ठरली. अक्कांना मी तोंड वर करून सांगितलं, हॉलच मिळत नाहीये.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

त्या रविवारी अंताक्षरी रंगात आलेली, माईक माझ्या हातात, आणि दारात अक्का! हॉलसाठी मला वणवण करावी लागते म्हणून त्या बिचाऱ्या स्वतःच रखवालदाराकडे पुढच्या महिन्याची तारीख विचारायला आल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी भिंतीवरच्या अंताक्षरीच्या फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवस मी जिना चुकवला. मग एकदाचा वर गेलो.

"अक्का, मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. बस."

त्यांनी धुण्याच्या दोरीला चिमटे लावून तक्ता टांगला, पदर खोचला, आणि समोर मी एकटा असूनही "सभ्य स्त्री-पुरुषहो" पासून सुरुवात केली. अर्धा तास मी पोट धरून हसलो. मग त्या कूर्गच्या मिरीवाल्यावर आल्या. आग्नेय आशियाशी करार झाला, तिकडची स्वस्त मिरी इथं यायला लागली, तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं का, आणि लहान माणसाचं कुठल्या करारात कोण ऐकतं, हे त्या एकेका रकान्यावर बोट ठेवून सांगत गेल्या, तसं माझं हसू ओसरत गेलं. हॉल भरून माणसांनी ऐकावं असं ते भाषण होतं, आणि ते माझ्यामुळे कुणी ऐकलं नाही.

संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या फार केविलवाण्या वाजतात. अक्कांनी तरीही वाकून नमस्कार केला.

"पुढच्या महिन्यात हॉलमध्ये ठेवू या, अक्का. मी स्वतः..."

"कशाला रे? झालं की माझं बोलून," त्या म्हणाल्या आणि चिमटे काढायला लागल्या.