खुणेचं नाव बदललं की

रागवायचं तर आधी कुणाचं तरी काही चुकलेलं असावं, ही अट माझ्या चुलत सासऱ्यांनी जन्मात कधी मानली नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांनी उभी हयात जकार्ड मागांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली. त्या भोकांच्या हिशेबानं चादरीवर मोर आणि कमळं उमटायची. निवृत्त झाल्यावर मुलानं संगणक आणून दिला आणि काकांच्या संतापाला नवं कुरण मिळालं. आवडलेल्या पानांच्या खुणा, म्हणजे बुकमार्क, ते ब्राउझरच्या वरच्या पट्टीत करून ठेवायचे. नळाला पाणी कधी येणार ते सांगणारं पान, एसटीच्या वेळा, आणि शेतीचा एक तुकडाही नसताना मोहोळच्या बाजारभावाचं पान. रोज सकाळी या सगळ्यांवर एक फेरी. बहुतेक ठिकाणी कालचंच असायचं. "नवं काय नसलं तर दारातच सांगावं की. आत बोलवून तेच ते दाखवतेत," असं ते मला सुनवायचे. वेबसाइट बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे इंटरनेटवरच्या प्रत्येक गुन्ह्यात मी सहआरोपी.

मी त्यांना फीड वाचायचं अ‍ॅप लावून दिलं. सगळ्या पानांवरचं नवं लिखाण त्यात आपोआप जमा होतं. तिसऱ्याच दिवशी 'न वाचलेले : २१४' हे पाहून काका चहा तसाच टाकून माझ्यापुढं उभे राहिले.

"हे मला दम देतंय. मी काय ह्याचा नोकर हाय का? टॉवेलचा नुसता काठ बघून मी सांगतो कुठल्या मागाचा हाय. तसं खुणेचं नाव बघूनच कळाय पाहिजे, आत नवं हाय का जुनं."

बोलले रागानं, पण बोलणं बिनचूक होतं. दोन दिवस बसून मी तसं करून दिलं. पानावर नवं आलं की खुणेचं नावच बदलायचं. 'पाणी' होतं तिथं 'पाणी : गुरुवारी सकाळी' दिसायचं. नाव तेच असलं तर आत जायचं कारणच नाही. काकांनी कौतुक केलं ते असं : "एवढं साधं तुला आधी सुचाय पाहिजे हुतं."

त्या पट्टीत एक खूण त्यांच्या जुन्या जोडीदाराची होती. तेलुगू घरातला हा माणूस कारखान्यात त्यांच्या शेजारी बसून कार्डांना भोकं पाडायचा. पुढं तो मुलीकडं हैदराबादला गेला आणि तिथून इंटरनेटवर स्वतःच्या पानावर मराठीतच आठवणी लिहू लागला. एका आठवणीत त्यानं लिहिलं की चादरीवरचा गाजलेला जोडमोर त्याच्या हातचा. काकांच्या मते तो त्यांच्या हातचा. त्या मोरापायी दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. पण खुणेचं नाव बदललं की काका जेवणावरून उठायचे आणि "खोटारडा" म्हणत म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

गेल्या श्रावणात ते नाव बदलायचं थांबलं. महिना गेला. "तुझं यंत्र बिघडलंय," काका म्हणाले. मी तपासलं, बाकीच्या खुणा नीट बदलत होत्या. दुपारी काकांनी स्वतःच हैदराबादला फोन लावला. बाबांना आता अक्षर दिसत नाही, असं मुलगी म्हणाली. तिनं फोन त्यांच्याकडं दिला. मग काका खेकसले, "दिसंना तर दिसंना. बोलता येतंय न्हवं? तू सांग, मी टाइप करतो."

मुलीनं त्या पानाचा पासवर्ड कळवला. तेव्हापासून दर मंगळवारी काका फोन कानाशी धरून, भांडत भांडत, एका बोटानं त्याच्या आठवणी उतरवून घेतात. परवा मागं उभी राहून मी वाचलं : 'जोडमोर मी पाडला तेव्हा...'

"काका, तो मोर तुमचा होता ना?"

"माझाच हाय," ते मान न वळवता म्हणाले. "पण पान त्याचं हाय की."

मग मजकूर चढवून ते वरच्या पट्टीकडं बघत बसले, नाव कधी बदलतंय याची वाट पाहत.